इंजिनाला फक्त एक मार्क

पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर हल्ली एमजीचं अष्टकोनी चिन्ह बऱ्याचदा दिसतं. हेक्टर म्हणा, विंडसर म्हणा. २०१९ मध्ये हेक्टर आपल्याकडे आली तेव्हा अनेकांना वाटलं होतं, ही कुठली तरी नवी चिनी कंपनी. मालकी चिनी आहे हे खरंच (आता भारतातल्या कंपनीत जेएसडब्ल्यूचाही वाटा आहे), पण नाव मात्र शंभर वर्षांचं जुनं. एमजी म्हणजे मॉरिस गराजेस, ऑक्सफर्डमधलं मॉरिस गाड्या विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान. १९२२ साली सेसिल किंबर नावाचा माणूस तिथे जनरल मॅनेजर झाला आणि त्याला एक नाद लागला. साधीसुधी मॉरिस गाडी घ्यायची, तिच्या चासीवर जरा देखणी, हलकी बॉडी चढवायची, इंजिनाला थोडी धार लावायची आणि ती 'स्पोर्ट्स' म्हणून विकायची. म्हणजे बघा, ही कंपनीच मुळात अपग्रेडच्या धंद्यातून जन्माला आली. हा मुद्दा ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

आज बोलायचंय ते याच कंपनीच्या एका गाडीबद्दल. एमजीबी. आणि तिच्या निमित्तानं एका जुन्या भांडणाबद्दल. भांडण असं: पन्नास-साठ वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आजचं इंजिन आणि आजचं सस्पेन्शन बसवलं, तर ती गाडी सुधारते की संपते?

एक पार्टी म्हणते, अहो, गाडी चालवायसाठी असते. ब्रेक लागत नाहीत, इंजिन तापतं, तेल गळतं, मग ती गॅरेजमध्ये धूळ खात पडते. त्यापेक्षा चांगले पार्ट टाका आणि रस्त्यावर आणा. दुसरी पार्टी म्हणते, मग नवीच गाडी घ्या ना. जुन्या गाडीचं जुनेपणच काढून टाकलंत तर उरलं काय? पत्रा?

आपण आयटीवाले हे भांडण रोज हापिसात भांडतो, फक्त गाडीच्या जागी कोड असतो. वीस वर्षं चालत आलेली सिस्टीम, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले, आणि मीटिंगमध्ये दोन तट: 'हात लावू नका' आणि 'सगळं नव्यानं लिहा'. खरं उत्तर दोन्हीकडे नसतं हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. एमजीबीच्या इतिहासात हे उत्तर फार छान उलगडत जातं, म्हणून हा प्रपंच.

आधी मूळ गाडी बघू. एमजीबी बाजारात आली सप्टेंबर १९६२ मध्ये. सिड एनेव्हर हा तिचा मुख्य अभियंता. दोन सीट, वर उघडझाप होणारं कापडी छत, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सुमारे ९५ अश्वशक्ती. तिच्यातली सगळ्यात आधुनिक गोष्ट म्हणजे बॉडी. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती, एमजीबीला मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. बाकी सगळं मात्र कंपनीच्या फडताळात आधीपासून पडलेलं सामान होतं.

इंजिनच घ्या. ते होतं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज, आणि त्याचं मूळ चाळीसच्या दशकातल्या ऑस्टिनमध्ये. हे इंजिन आपल्या घरातलंच आहे बरं का. आपल्या अँबॅसेडरमध्ये कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही बी-सीरिजच. एमजीबीचं इंजिन म्हणजे त्याच घराण्यातला थोरला भाऊ. एक भाऊ लंडनबाहेरच्या वळणांवर टोपी घातलेल्या तरुणांना फिरवत होता, आणि दुसरा आपल्याकडे कलेक्टर साहेबांना घेऊन दौऱ्यावर जात होता. संसार वेगळे, रक्त एकच.

सस्पेन्शनची गोष्ट आणखी मजेदार. मागे अखंड ॲक्सल आणि त्याला लीफ स्प्रिंग, म्हणजे ट्रकखाली दिसतात तसले पाटे. पुढे कॉइल स्प्रिंग. आणि चारी कोपऱ्यांना जे शॉकअप होते ते आज आपण ओळखतो तसे लांब नळीसारखे नव्हते. ते होते लीव्हर आर्म प्रकारचे. बॉडीला बोल्टनं घट्ट केलेला एक लोखंडी डबा, आत तेल आणि छोटे पिस्टन, आणि डब्यातून बाहेर आलेला एक दांडा. चाक वरखाली झालं की दांडा हलतो, आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि धक्का जिरतो. अडचण अशी की आत तेल थोडं, पिस्टनची हालचाल तोकडी. जोरात चालवली की तेल तापून पातळ होतं आणि गाडी डुलायला लागते. सील गेलं की तेल गळतं, मग वरचं झाकण उघडून पुन्हा भरा.

आता यातली खरी गोम. पुढच्या चाकांना वरून धरून ठेवणारा जो हात असतो ना, वरचा विशबोन, तो एमजीबीत वेगळा नव्हताच. शॉकअपचा दांडा हाच वरचा विशबोन! एका पार्टकडून दोन कामं. १९६२ साली ही काटकसर हुशारीची होती. पण नंतर कोणाला वाटलं की हा जुना शॉकअप काढून नवा नळीवाला टाकावा, तर नुसतं काढून चालत नाही, चाक धरणारा नवा हात आधी तयार करावा लागतो. एका फंक्शननं दोन कामं केली की रिफॅक्टर करताना जो घाम फुटतो, तोच हा घाम.

असो. गाडी तुफान चालली. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. महागडी नव्हती, दुरुस्तीला सोपी होती, दिसायला गोड होती. मात्र एक तक्रार पहिल्यापासून होती. चेसिस चांगलं, पण ताकद कमी. अजून पळायला हवी. इथून अपग्रेडचा खरा इतिहास सुरू होतो.

पहिला प्रयत्न कंपनीनं स्वतःच केला. १९६७ मध्ये आली एमजीसी. तीच बॉडी, आत सहा सिलिंडरचं २९१२ सीसीचं इंजिन, १४५ अश्वशक्ती. कागदावर एकदम झकास. पण हे इंजिन ओतीव लोखंडाचं, आणि चार सिलिंडरवाल्यापेक्षा सुमारे ९५ किलो जड. हे सगळं वजन पुढच्या चाकांवर. शिवाय इंजिन इतकं मोठं की खालचा आडवा सांगाडा बदलावा लागला, पुढचं कॉइल स्प्रिंग काढून टॉर्शन बार टाकावे लागले, चाकं १४ इंचांवरून १५ इंचांची झाली आणि बॉनेटला वर टेंगूळ आलं. समीक्षकांनी गाडी वळवली आणि म्हणाले, नाक जड आहे, वळायला तयार नाही. १९६९ मध्ये एमजीसी बंद. सुमारे नऊ हजार गाड्या निघाल्या, बस.

आता गंमत पहा. ज्या पुढच्या सस्पेन्शनला एमजीसीत हात घालावा लागला, तेच सस्पेन्शन पुढच्या प्रयत्नात जवळपास होतं तसं राहिलं आणि गाडी मात्र चालली. फरक इंजिनाच्या धातूचा होता.

त्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला २१५ घनइंच, म्हणजे साडेतीन लिटरचं एक व्ही-८ इंजिन काढलं होतं. ब्लॉकसकट सगळं ॲल्युमिनियमचं. वजन जेमतेम दीडशे किलोच्या आत. पण त्या काळात ॲल्युमिनियमचं ओतकाम महाग पडायचं आणि बिघडायचंही फार. तेवढ्यात लोखंडाचं पातळ ओतकाम जमायला लागलं, आणि १९६३ मध्ये कंपनीनं हे इंजिन सोडून दिलं. थोडक्यात, डेप्रिकेटेड.

ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट १९६४ च्या सुमारास दुसऱ्याच कामासाठी विस्कॉन्सिनमध्ये मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं करणाऱ्या कंपनीत गेले होते आणि तिथे त्यांना हे इंजिन पडलेलं दिसलं, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी पाठपुरावा केला, १९६५ मध्ये हक्क मिळवले, आणि १९६७ पासून ते रोव्हरच्या गाड्यांत बसू लागलं. अमेरिकेनं तीन वर्षांत टाकून दिलेलं हे इंजिन ब्रिटननं पुढे २००४ पर्यंत चालवलं. पहिली रेंज रोव्हर त्याच्यावर, मॉर्गन प्लस ८ त्याच्यावर, टीव्हीआर त्याच्यावर. एकानं काढून टाकलेली लायब्ररी दुसऱ्यानं फोर्क करून चाळीस वर्षं सांभाळावी, तसं.

आता आपल्या गोष्टीचा नायक. केन कॉस्टेलो. मिनी गाड्यांच्या शर्यतींत नाव कमावलेला, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला मेकॅनिक-ड्रायव्हर. त्याला सुचलं, की हे ॲल्युमिनियमचं व्ही-८ वजनाला एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरवाल्याच्या जवळपासच आहे, मग ते एमजीबीत का नाही? १९७० च्या आसपास त्यानं ते बसवून दाखवलं आणि मग अशा गाड्या बनवून विकायलाच लागला. सिलिंडर दुप्पट, सीसी जवळपास दुप्पट, आणि नाकावर वजन मात्र तेवढंच. गाडी पळायची आणि वळायचीही. एमजीबीच्या बॉनेटखाली मुळातच जागा ऐसपैस होती. बीएमसीत तेव्हा नव्या व्ही-४ इंजिनाचा विचार चालू होता, त्यामुळे रुंद इंजिन मावेल असा खड्डा एनेव्हरनं आधीच ठेवला होता. ते व्ही-४ कधी आलंच नाही, पण त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत दुसराच पाहुणा राहायला आला.

ही बातमी एमजीच्या मालकांपर्यंत, म्हणजे ब्रिटिश लेलँडपर्यंत पोचली. त्यांनी कॉस्टेलोची गाडी मागवून पाहिली. आणि मग एवढ्या मोठ्या कंपनीनं, एका माणसानं आपल्या शेडमध्ये केलेली गोष्ट स्वतः करायचं ठरवलं. ऑगस्ट १९७३ मध्ये कारखान्याची एमजीबी जीटी व्ही-८ बाहेर पडली. ३५२८ सीसी, १३७ अश्वशक्ती, ताशी २०० किलोमीटरचा वेग.

कारखान्यानं काय वेगळं केलं ते बघण्यासारखं आहे. कॉस्टेलोच्या गाडीत कार्बोरेटर इंजिनाच्या डोक्यावर होते, म्हणून बॉनेटला फुगवटा द्यावा लागे. ॲबिंग्डनच्या अभियंत्यांनी नवीन मॅनिफोल्ड करून कार्बोरेटर मागे सरकवले. बॉनेट पुन्हा सपाट. रेडिएटर पुढे नेला, दोन इलेक्ट्रिक पंखे लावले, ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, मागच्या ॲक्सलचा रेशो बदलला, कारण एवढी ताकद असताना इंजिनानं उगीच ओरडायची गरज नव्हती. एक पार्ट बदलला की त्याच्या मागे दहा पार्टांची वरात निघते. यालाच आपण डिपेंडन्सी म्हणतो. कॉस्टेलोनं सिद्ध केलं की हे होतं. कारखान्यानं दाखवलं की हे नीट, टापटीप होतं. प्रूफ ऑफ कन्सेप्ट आणि प्रॉडक्शन रिलीज यांतला फरक इतका स्वच्छ क्वचितच बघायला मिळतो.

पण नशीब बघा. गाडी आली ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचं संकट. पेट्रोलच्या रांगा लागलेल्या असताना व्ही-८ कोण घेणार? किंमतही जास्त, समोर स्वस्त फोर्ड कॅप्री उभी. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या अमेरिकेत ही गाडी विकलीच गेली नाही. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनल्या आणि खेळ आटोपला.

त्याच काळात साध्या एमजीबीचंही 'अपग्रेड' चालू होतं, पण उलट्या दिशेनं. अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस चकचकीत क्रोमचे बंपर गेले, काळे जाडजूड रबरी आले, आणि बंपरची उंची जुळावी म्हणून अख्खी गाडी सुमारे इंचभर उचलली. स्पोर्ट्स कार उचलायची म्हणजे पैलवानाला उंच टाचांचे बूट घालून आखाड्यात उतरवायचं. प्रदूषणाच्या नियमांसाठी अमेरिकन गाड्यांतले दोन एसयू कार्बोरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग लावला आणि आधीच बेताची असलेली ताकद आणखी घटली. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

आता मला सांगा, 'मूळ' एमजीबी नेमकी कोणती? १९६२ ची, जिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं? १९६७ नंतरची, जिच्यात ते आलं? १९७५ ची उचललेली? त्या वर्षीची अमेरिकेतली रबरी बंपरवाली गाडी आज कोणी 'जशी कारखान्यातून आली तशी' जपली, तर ती शंभर टक्के अस्सल आहे. पण एनेव्हरनं मनात योजलेल्या गाडीपासून ती बरीच लांब आहे. आणि दुसऱ्या कोणी तीच गाडी इंचभर खाली बसवली, क्रोमचे बंपर लावले, दोन एसयू परत आणले, तर ती अस्सल राहत नाही, पण चालवताना मूळ कल्पनेच्या जवळ जाते. अस्सलपणाचे हे दोन अर्थ आहेत आणि ते नेहमी एका दिशेला जात नाहीत. एक वस्तूचा अस्सलपणा, दुसरा हेतूचा. भांडणारे बहुतेक वेळा याच दोन शब्दांची गल्लत करून भांडतात.

कारखाना बंद झाला तरी गाड्या होत्या, आणि ब्रिटिश पावसात त्या गंजत होत्या. मोनोकॉकमध्ये पत्रा कुजला की सांगाडाच कुजला. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं जुने साचे गोळा करून एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी नवाकोरा सांगाडा मिळू लागला!

पुढचं वर्ष, १९८९, आणखी महत्त्वाचं. जपानच्या माझदानं एमएक्स-५ काढली. लहान, हलकी, दोन सीट, वर उघडणारं छत, मागच्या चाकांना ताकद. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टरचीच कल्पना, फक्त तेल न गळणारी. ब्रिटिशांनी टाकून दिलेला बाजार जपाननं उचलला. रोव्हरला जाग आली आणि १९९२ मध्ये त्यांनी एमजी आरव्ही८ काढली. हेरिटेजच्या साच्यांवर आधारलेली बॉडी, ३.९ लिटरचं व्ही-८, १९० अश्वशक्ती, आत लाकूड आणि चामडं. शॉकअप अखेर नळीवाले झाले, पण मागे अजूनही पाटे आणि ड्रम ब्रेक! जेमतेम दोन हजार बनल्या, आणि त्यातल्या बहुतेक कुठे गेल्या असतील? जपानला. एमएक्स-५ च्या माहेरी.

आणि मग वर्तुळ पूर्ण झालं. २०१२ मध्ये एमजीबीला पन्नास वर्षं झाली तेव्हा ॲबिंग्डनच्याच परिसरातल्या फ्रंटलाइन या छोट्या कंपनीनं एलई५० नावाच्या पन्नास गाड्यांची घोषणा केली. हेरिटेजची नवी बॉडी, दोन लिटरचं माझदाचं इंजिन, माझदाचाच सहा गिअरचा गिअरबॉक्स, पुढे नवे विशबोन आणि नळीवाले शॉकअप, मागे पाटे काढून कॉइल स्प्रिंग. अश्वशक्ती २१५, म्हणजे मूळ गाडीच्या दुपटीहून जास्त. एमजीबीकडे बघून ज्या माझदानं रोडस्टर केली, तिचंच इंजिन एमजीबीत! लेकीनं म्हातारपणी आईला रक्त द्यावं, तसं काहीतरी.

अर्थात एवढा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. साधे मालक करतात ती अपग्रेड फार लहान आणि शहाणी असतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. जुन्या डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर. सीटमागे लपवलेल्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक. चार गिअरच्या डब्याऐवजी फोर्ड सिएराचा पाच गिअरचा डबा, म्हणजे हायवेवर कान किटत नाहीत. मागच्या लीव्हर आर्मऐवजी नळीवाले शॉकअप, रबरी बुशऐवजी पॉलियुरेथिनचे. पुढच्या शॉकअपचं गणित वर सांगितलंच, तिथे जरा जास्त हात खिसा गाठतो.

काही अपग्रेड तर हौसेची नसतातच, जग ती लादतं. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक मऊ थर धरायचं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीला सर्वसाधारण पंपांवरून शिसं गेलं (त्याच वर्षी आपल्याकडूनही), आणि जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुतायला लागले. मग हेड उतरवून कडक धातूच्या बैठका बसवा. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ई-१० पेट्रोल आलं. इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, म्हणजे पाइप बदला. आपल्याकडे ई-२० वरून २०२५ मध्ये केवढी चर्चा झाली ते आठवत असेलच. तेव्हा 'मी गाडीला हात लावणार नाही' असं म्हणणाऱ्यालाही हात लावावा लागतोच. पर्यावरण बदललं की जुनं सॉफ्टवेअर नुसतं चालू ठेवायलाही पॅच लागतो.

मग रेघ मारायची कुठे? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानं, डीव्हीएलएनं, ती कित्येक वर्षं चक्क मार्क देऊन मारली होती. गाडीत मोठे बदल केले असतील तर तिचा जुना नोंदणी क्रमांक टिकवायला १४ पैकी ८ मार्क हवेत. चासी किंवा मोनोकॉक बॉडी मूळची असेल (किंवा अगदी तशीच नवी असेल) तर ५ मार्क, आणि हे मिळालेच पाहिजेत. सस्पेन्शन २, ॲक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २. आणि इंजिन? फक्त १!

मला हा तक्ता फार आवडतो. आपण गाडीचा आत्मा इंजिनात मानतो. 'हृदय' वगैरे म्हणतो. सरकारी बाबू म्हणाला, हृदयाला एक मार्क, हाडांना पाच. हिशेब करून बघा: बॉडी ५, स्टिअरिंग २, ॲक्सल २, झाले ९. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन तिन्ही बदलूनही गाडी तीच! पण नव्या सस्पेन्शनसाठी मूळ बॉडीचा पत्रा कापलात, की पाच मार्क गेले आणि गाडी नापास. त्याहून मजा म्हणजे, मूळ बॉडी भंगारात टाकून हेरिटेजची हुबेहूब नवी आणली तर पास. वाडा पाडून टॉवर बांधायचा आणि फाटकावर वाड्याचंच नाव लावायचं, हे आपण पुण्यात बघतोच. इथे निदान टॉवर हुबेहूब वाड्यासारखा असायची अट होती. ऑगस्ट २०२५ पासून डीव्हीएलएनं हे धोरण बदललं आणि मोठे बदल केलेल्या गाड्यांनाही, खात्याला कळवून, मूळ ओळख ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे ही रेघसुद्धा सरकते.

आपल्याकडे रेघ जास्त कडक आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून खास 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इथे इंजिनालाही चासीइतकाच मान. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' हिचीही भूमिका अशीच: जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर टाकलीत तर हौस म्हणून ठीक, पण आमच्या व्याख्येत ती ऐतिहासिक राहत नाही, असं त्यांनी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

तर एवढं सगळं पाहिल्यावर माझं मत काय? एमजीबीचा इतिहास मला तीन गोष्टी शिकवतो.

पहिली, ताकद वाढवणं म्हणजे अपग्रेड नव्हे. एमजीसी आणि व्ही-८, दोन्हीत ताकद वाढली. एक गाडी नाकावर पडली, दुसरी सरळ चालली. प्रश्न 'किती अश्वशक्ती' हा नसून 'वजन कुठे पडतं' हा आहे. चांगलं अपग्रेड मूळ रचनेचा तोल ओळखतं. सिस्टीममध्येही तेच. मोठा डेटाबेस आणला म्हणून सगळं सुधारत नाही, कधी कधी नुसतं नाक जड होतं.

दुसरी, परतीचा रस्ता ठेवा. बोल्टनं बसणारं जे आहे ते बिनधास्त बदला आणि जुना पार्ट तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवा. पुढच्या मालकाला हवं तर तो परत बसवेल. पण पत्रा कापताना शंभर वेळा विचार करा, कारण कापलेल्या पत्र्याला रोलबॅक नसतो. माझ्या मते त्या पाच मार्कांचा खरा अर्थ हा आहे. हाडांना मान यासाठी, की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. इंजिन काय, आज काढलं, उद्या परत टाकलं.

तिसरी गोष्ट जरा काळजीची. पाच लाख गाड्या बनल्या म्हणून आज आपण निवांतपणे म्हणतो, एमजीबी काय, बदला हवी तेवढी. पण प्रत्येकानं थोडं थोडं सुधारलं तर एक दिवस असा येईल की १९६२ ची गाडी खरोखर कशी चालायची हे अंगानं सांगणारी एकही गाडी उरणार नाही. तो डुलणारा लीव्हर आर्म, पहिल्या गिअरची ती कुरकुर, ब्रेकवर द्यावा लागणारा पायाचा जोर. हे दोष आहेत, पण १९६२ सालचा माणूस गाडी चालवताना काय करायचा, कशाला घाबरायचा, वळणाआधी किती लवकर वेग कमी करायचा, हे सगळं त्या दोषांत लिहून ठेवलंय. पुस्तकात मोजमापं सापडतील, ते अंगमोडीचं ज्ञान सापडणार नाही. त्यामुळे ज्यांच्या हाती अजून एकही बोल्ट न बदललेली गाडी आहे, त्यांनी कृपा करून ती तशीच ठेवावी. अशा गाड्या थोड्याच असतात आणि त्या सगळ्यांच्या वतीनं साक्षीदार म्हणून उभ्या असतात. उरलेल्या हजारो गाड्या, ज्या आधीच पाच मालकांच्या हातून पाच प्रकारे दुरुस्त झाल्यात, त्यांनी खुशाल नवे शॉकअप लावून डोंगर चढावेत.

आपल्याकडे देवळांच्या बाबतीत हा विवेक जुना आहे. जीर्णोद्धार करताना कळस नवा होतो, मंडप नवा होतो, फरशी बदलते, पण गाभाऱ्यातली मूर्ती जपून बाजूला ठेवतात आणि काम झालं की पुन्हा तिच्या जागी बसवतात. फक्त गाडीत गाभारा कुठे आहे हे ज्याचं त्यानं आधी ठरवायला हवं. किंबरला तो चालवण्याच्या मजेत दिसला, कॉस्टेलोला तोलात, डीव्हीएलएला पत्र्यात. तिघांनीही ठरवलं आणि मगच पाना हातात घेतला. आधी पाना हातात घेऊन मग ठरवणाऱ्यांच्या गाड्या मात्र बहुतेक एमजीसीसारख्या होतात: कागदावर एकदम झकास, आणि पहिल्याच वळणावर सरळ पुढे.